बैठकीतला ड्रमवादक: त्रिलोक गुर्टू

ड्रमसेट या नावाने आज ओळखले जाणारे वाद्य हे मुळात एक वाद्य नव्हे. लष्करी आणि मिरवणुकीच्या बँडमध्ये निरनिराळ्या माणसांनी वाजवायची वाद्ये एकाच माणसापुढे मांडून हा संच तयार झाला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतील न्यू ऑर्लीन्ससारख्या शहरांतल्या नाचघरांत जागा अपुरी आणि वादकांना द्यायचा पैसा त्याहून अपुरा, अशी स्थिती असल्यामुळे मोठा बास ड्रम, तळाला तारा ताणल्यामुळे करकरीत आवाज देणारा स्नेअर ड्रम आणि काशाची झांज ही तिन्ही एकानेच सांभाळण्याची युक्ती निघाली. पुढे १९०९ मध्ये शिकागोच्या लुडविग बंधूंनी पायाने दाबून बास ड्रम वाजवण्याची चपळ पायपट्टी बाजारात आणली आणि वादकाचे दोन्ही हात मोकळे झाले. गोव्यातील पेडणे आणि डिचोली तालुक्यांतील वाचकाला ही विभागणी परकी वाटण्याचे कारण नाही, कारण चवथीच्या दिवसांत होणाऱ्या घुमट आरतीत घुमटाचा भरीव घुमारा, शामेळावर काठ्यांनी उठणारा कोरडा कडकडाट आणि कांसाळ्यांचा नाद ही कामे वेगवेगळी माणसे आपापसांत अशीच वाटून घेतात. खर्ज, काठीचा आघात आणि धातूचा नाद हे तीन थर न्यू ऑर्लीन्सच्या बँडमध्ये होते आणि आरतीतही आहेत. अमेरिकेत पैशाच्या निकडीने ते एका माणसाच्या गळ्यात पडले, गोव्यात ते समूहाकडेच राहिले, एवढाच फरक.

घुमटाची रचना या संदर्भात लक्षात ठेवण्याजोगी आहे. भाजलेल्या मातीच्या मडक्याचे मोठे तोंड कातड्याने मढवायचे, लहान तोंड उघडे ठेवायचे आणि त्यावर तळहात झाकत-उघडत आवाज खाली-वर करायचा, असे हे वाद्य आहे. पूर्वी त्यासाठी घोरपडीचे कातडे वापरीत. वन्यजीव संरक्षण कायद्याने ते निषिद्ध ठरल्यावर बकऱ्याच्या कातड्याचा वापर रूढ झाला, आणि २०१९ मध्ये गोवा सरकारने घुमटाला राज्याच्या वारसा वाद्याचा मान दिला. आघात केल्यानंतरही आवाजाला वळवता येणे, ही जी सोय घुमटात आणि तबल्याच्या डग्ग्यात आहे, ती पाश्चात्त्य ड्रमसेटमध्ये जवळजवळ नाही. ज्या वादकाने ती उणीव ओळखून ड्रमसेटचीच फेरमांडणी केली, त्या त्रिलोक गुर्टू यांची कारकीर्द समजून घेताना हा मुद्दा मध्यवर्ती ठरतो.

त्रिलोक गुर्टू यांचा जन्म ३० ऑक्टोबर १९५१ रोजी मुंबईत झाला. ठुमरी, दादरा, कजरी या उपशास्त्रीय प्रकारांत ज्यांचे नाव अग्रक्रमाने घेतले जाते त्या शोभा गुर्टू या त्यांच्या मातोश्री. त्यांचे माहेरचे नाव भानुमती शिरोडकर, जन्म १९२५ मध्ये बेळगावचा. भानुमतींच्या आई मेनकाबाई शिरोडकर या नर्तकी आणि गायिका होत्या, जयपूर-अत्रौली घराण्याचे अल्लादिया खाँ यांच्याकडे त्यांनी तालीम घेतली होती, आणि केसरबाई केरकर व मोगूबाई कुर्डीकर ज्या गोमंतकीय कलावंत परंपरेतून पुढे आल्या त्याच परंपरेशी त्यांचे नाते होते. गुर्टू हे आडनाव मात्र काश्मिरी पंडितांचे, पं. नारायणनाथ गुर्टू हे बेळगावात पोलीस खात्यातील वरिष्ठ अधिकारी, विद्वान आणि सतारवादक होते, आणि त्यांचे चिरंजीव विश्वनाथ यांच्याशी भानुमतींचा विवाह झाला. गोव्याच्या मातीतील गाणे, काश्मिरी आडनाव, बेळगावची सासुरवाड आणि मुंबईचे घर असा हा संसार होता, आणि त्या घरात लहानपणापासून त्रिलोक यांच्या हाती तबला आला. अब्दुल करीम यांच्याकडे त्यांनी रीतसर तबल्याची तालीम घेतली.

ठुमरीच्या घरात तबला शिकणे आणि ख्यालाच्या किंवा स्वतंत्र वादनाच्या घरात तो शिकणे यांत फरक आहे. ठुमरीत गायिका एकेका शब्दाचा भाव निरनिराळ्या तऱ्हांनी उलगडत असते, तेव्हा तबलजीला दीपचंदी किंवा जतसारख्या तालाचा संथ ठेका धरून स्वतःला मागे ठेवावे लागते. शेवटी गायिका मुखडा धरून बसते, तबला एकदम दुप्पट लयीत केरव्याच्या अंगाने धावू लागतो आणि लहान, चटकदार, पुन्हा पुन्हा येणाऱ्या बोलांची जी आतषबाजी होते तिला लग्गी म्हणतात. संयम आणि मोकळीक यांची ही पाळी जॅझच्या वादकालाही नेमकी अशीच पाळावी लागते, आणि लग्गीतील डग्ग्याचे डुलणे फंकच्या ठेक्याला फार जवळचे आहे. त्रिलोक गुर्टू यांच्या अष्टपैलुत्वाचे मूळ परदेशातील संगतीत शोधण्याची प्रथा पडली आहे, परंतु ते त्यांच्या आईच्या बैठकीत शोधणे अधिक सयुक्तिक ठरावे.

जॅझ आणि फंक या दोन संज्ञांचा उलगडा येथेच करणे सोयीचे होईल. जॅझमध्ये, विशेषतः त्याच्या स्विंग नावाच्या चालीत, ठेक्याचा भार बास ड्रमवरून उचलून टांगत्या मोठ्या झांजेवर ठेवलेला असतो. मात्रेचे दोन सारखे भाग न करता पहिला लांब आणि दुसरा आखूड ठेवल्यामुळे लय किंचित झोके घेत पुढे जाते, आणि चारपैकी दुसऱ्या व चौथ्या मात्रेवर पायाने मिटणाऱ्या जोडझांजेचा आवाज येतो. फंकची रीत याहून निराळी. १९६० च्या दशकात जेम्स ब्राउन यांच्या बँडने रूढ केलेल्या या प्रकारात आवर्तनाची पहिली मात्रा सर्वांनी मिळून ठामपणे गाठायची असते, आणि तिथून पुढे सोळा बारीक तुकड्यांत विभागलेल्या अवकाशात प्रत्येकाने आपापली जागा सांभाळायची असते. क्लाइड स्टबलफील्ड यांनी १९६९ मध्ये ध्वनिमुद्रित केलेल्या ‘फंकी ड्रमर’ या रचनेतील काही सेकंदांचा ठेका पुढे असंख्य गाण्यांत उचलला गेला, त्यामागे स्नेअरवर जेमतेम ऐकू येतील असे हलके आघात पेरण्याची त्यांची हातोटी होती. ब्राउन ज्या पहिल्या मात्रेसाठी वादकांकडे हट्ट धरीत, तिला भारतीय तालशास्त्रात सम म्हणतात. ज्याने आयुष्यभर समेकडे डोळे लावून तबला वाजवला, त्याला फंकचा मूलभूत नियम नव्याने शिकावा लागत नाही.

गोव्यात आणि गोव्याबाहेर गेलेल्या गोमंतकीयांत जॅझची परंपरा मोठी आहे, पण तिचा भूगोल एकसारखा नाही. चर्चला जोडलेल्या पॅरिश शाळांत स्वरलिपी, व्हायोलिन आणि समूहगायन शिकून बाहेर पडलेले वादक मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात, कोलकात्याच्या क्लबांत आणि नंतर हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत गेले. त्यांत हळदोणेचे ट्रंपेटवादक चिक चॉकलेट, म्हणजे अँतोनियो झेवियर वाझ, आणि माजोर्ड्याचे व्हायोलिनवादक अँथनी गोन्साल्विस अशी नावे बारदेश आणि सासष्टीतून येतात. पेडणे आणि डिचोली हे महाल पोर्तुगिजांच्या ताब्यात अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात, नव्या काबिजादीबरोबर, म्हणजे मागाहून जिंकलेल्या मुलखाबरोबर आले; तोवर सक्तीच्या धर्मांतराचा जोर ओसरला होता, त्यामुळे तिथे देवळातील नगारा, दशावताराचा मृदंग, शिगम्यातील रोमटामेळाचे ढोल-ताशे आणि घुमट हेच तालाचे शाळागृह राहिले. या दोन शाळागृहांचे विद्यार्थी एकमेकांच्या वर्गात फारसे डोकावले नाहीत, ही गोव्याच्या संगीताच्या इतिहासातील एक खेदाची बाजू आहे. त्रिलोक गुर्टू यांना ती अडचण नव्हती, कारण मुंबईत त्यांच्या आसपास दोन्ही आवाज होते: घरात ठुमरी, आणि बाहेर ध्वनिमुद्रिकांतून येणारे जॅझ आणि रॉक.

पाश्चात्त्य संगीत ते ध्वनिमुद्रिका ऐकूनच शिकले, आणि या शिक्षणात एक अपघाती लाभ दडलेला होता. एकाच वादकाचे किंवा अनेकांचे भाग वेगवेगळ्या वेळी मुद्रित करून एकावर एक चढवण्याची जी पद्धत पाश्चात्त्य स्टुडिओत रूढ होती, ती त्यांना ठाऊकच नव्हती. त्यामुळे ध्वनिमुद्रिकेवर ऐकू येणारे सगळे आघात एकाच माणसाचे आहेत अशा समजुतीने त्यांनी ते सगळे एकट्याने वाजवण्याचा सराव केला, असे त्यांनीच पुढे दूरचित्रवाणीवरील एका कार्यक्रमात सांगितले आहे. या गोष्टीची तुलना गोव्यातीलच एका उदाहरणाशी करता येते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात लयभास्कर म्हणून गौरवले गेलेले खाप्रुमामा पर्वतकर एका हाताने एक ताल, दुसऱ्या हाताने दुसरा, पायांनी आणखी निराळे आणि तोंडाने बोल असे एकाच वेळी चालवून शेवटी सगळे समेवर आणून मिळवीत. ड्रमसेट वाजवणाऱ्याला दोन हात आणि दोन पाय एकमेकांपासून स्वतंत्र ठेवण्याची जी साधना करावी लागते, ती खाप्रुमामांनी ड्रमसेटशिवाय करून दाखवली होती. मात्र त्यांच्याकडे ती तालगणिताचा चमत्कार म्हणून पाहिली गेली, तर ड्रमवादकाकडे तिचा रोजचा उपयोग होतो.

१९७० च्या दशकात गुर्टू युरोपात स्थिरावू लागले. जर्मनीतील ‘एम्ब्रियो’ या गटाच्या १९७७ च्या ‘अपो-कॅलिप्सो’ या ध्वनिमुद्रिकेत त्यांचे वादन आहे आणि शोभाताईंचा आवाजही आहे. ट्रंपेटवादक डॉन चेरी आणि सॅक्सोफोनवादक चार्ली मारियानो हे या काळातील त्यांचे महत्त्वाचे सहकारी. दोघेही अमेरिकन जॅझमधले, पण अन्य देशांच्या संगीताकडे कुतूहलाने नव्हे तर अभ्यासाने पाहणारे. पुढे १९८४ च्या नोव्हेंबरात ‘ओरेगॉन’ या अमेरिकन चौकडीतील कॉलिन वॉलकॉट पूर्व जर्मनीत रस्त्यावरील अपघातात मरण पावले. वॉलकॉट स्वतः पं. रविशंकर यांच्याकडे सतार आणि उस्ताद अल्लारखाँ यांच्याकडे तबला शिकलेले होते, त्यामुळे त्यांची जागा घेणे म्हणजे केवळ ठेका धरणे नव्हते. ती जागा गुर्टू यांच्याकडे आली, आणि ‘इकोटोपिया’, ‘फॉर्टीफिफ्थ पॅरलल’ व ‘ऑलवेज, नेव्हर अँड फॉरेव्हर’ या तीन ध्वनिमुद्रिका त्यांनी या गटाबरोबर केल्या. ओरेगॉनचे संगीत ओबो, अकौस्टिक गिटार आणि दुहेरी बास यांचे, नाजूक विणीचे; त्यात नेहमीच्या ड्रमसेटचा दणदणाट चालणारा नव्हता.

अशा संगीताला गुर्टू यांची निराळी मांडणी विशेष सोयीची होती. ड्रमवादक ज्या उंच स्टुलावर बसतो ते त्यांनी दूर केले, आणि अर्धवट गुडघे टेकून जमिनीलगत बसून तबला-डग्गा, काही पाश्चात्त्य ड्रम, झांजा, घंटा, शिंपल्यांच्या माळा अशी वाद्ये सभोवती रचली. यामागचे कारण दिखाऊपणाचे नव्हते. तबल्यावर बोटांची आणि मनगटाची जी ठेवण लागते ती जमिनीवरच्या बैठकीतच साधते. स्टुलावर बसलेल्या वादकाने तबला स्टँडवर ठेवून वाजवला तर डग्ग्यावर मनगटाच्या टाचेने दाब देऊन आवाज घसरवणे अवघड जाते. म्हणून तबला वर नेण्याऐवजी त्यांनी ड्रमसेट खाली आणला, आणि काठीने झांजेवर आघात करून तोच हात पुढच्या मात्रेला तबल्यावर नेणे शक्य झाले. या मांडणीत पाण्याने भरलेली एक बादलीही असते. वाजवलेली झांज किंवा घंटांची माळ हळूहळू पाण्यात बुडवली की पाण्याचा भार धातूच्या कंपनावर पडतो, कंपने मंदावतात आणि स्वर वितळल्यासारखा खाली सरकतो. बाहेर काढताना तो पुन्हा वर चढतो. डग्ग्याची मींड काशाच्या झांजेवर आणण्याचा हा उपाय आहे. घुमटाच्या लहान तोंडावर तळहात झाकणारा डिचोलीतला वादक वेगळ्या मार्गाने हेच साधतो.

१९८० च्या दशकाच्या अखेरीस ‘शक्ती’ या गटामुळे भारतीयांना परिचित असलेले गिटारवादक जॉन मॅक्लॉफलिन यांनी तिघांचा गट उभारला आणि त्यात गुर्टू यांना घेतले. २७ नोव्हेंबर १९८९ रोजी लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये झालेल्या या त्रयीच्या मैफलीची ध्वनिमुद्रिका पुढल्या वर्षी प्रसिद्ध झाली, आणि गुर्टू यांचे वादन समजून घ्यायचे असेल तर आरंभ तिच्यापासूनच करावा. बास गिटारवर काय एकहार्ट अंगठ्याने तारा आपटत फंकच्या धाटणीने वाजवतात, गिटार नायलॉनच्या तारांची आहे, आणि मध्येच मॅक्लॉफलिन व गुर्टू वाद्ये थांबवून तालाचे बोल तोंडाने म्हणू लागतात. दक्षिणेत याला कोन्नक्कोल म्हणतात, उत्तरेत पढंत. पाश्चात्त्य प्रेक्षकांना ही करमणूक वाटत असली, तरी वादकांच्या दृष्टीने ते व्याकरणाचे उघड पठण असते, कारण जो बोल तोंडाने नीट म्हणता येतो तोच कोणत्याही वाद्यावर उतरवता येतो.

हे व्याकरण जॅझमध्ये कसे चालते याचे एक साधे उदाहरण घेता येईल. जॅझमध्ये चार-चार आवर्तने आळीपाळीने वाजवण्याची प्रथा आहे. गिटारवादकाने चार आवर्तने वाजवली की पुढची चार ड्रमवादकाची. प्रत्येक आवर्तन चार मात्रांचे असल्याने ड्रमवादकाच्या वाट्याला सोळा मात्रा येतात, म्हणजेच त्रितालाचे एक पूर्ण आवर्तन. आता ‘तिट कत गदि गन धा’ हा पाच मात्रांचा तुकडा तिसऱ्या मात्रेपासून धरला आणि सलग तीन वेळा वाजवला, तर पहिला ‘धा’ सातव्या मात्रेवर, दुसरा बाराव्यावर आणि तिसरा सतराव्यावर, म्हणजे पुढच्या आवर्तनाच्या समेवर पडतो. याला तिहाई म्हणतात. चारांच्या चौकटीत पाचांचे तुकडे चालल्यामुळे ऐकणाऱ्याला क्षणभर ठेका सुटल्याचा भास होतो, आणि गिटारवादक जिथे परत येणार नेमक्या त्याच ठिकाणी तिसरा ‘धा’ येऊन थडकतो. गुर्टू अशा तिहाया कधी तबल्यावर, कधी स्नेअर आणि झांजेवर, कधी नुसत्या तोंडाने घेतात. वाद्य बदलले तरी हिशेब बदलत नाही. गोव्यातल्या हरमलच्या किनाऱ्यावर सूर्यास्ताला देशोदेशीचे पर्यटक जेंबे आणि ढोलकी घेऊन वर्तुळ करून बसतात, तिथे उत्साहाला तोटा नसतो, पण समेचा करार नसल्यामुळे तासभर वाजूनही काही पूर्ण झाल्यासारखे वाटत नाही. तिहाईचे महत्त्व उलट बाजूने पटवायला ते उदाहरण पुरेसे आहे.

स्वतःच्या नावावरची त्यांची पहिली ध्वनिमुद्रिका ‘उस्फ्रेत’ १९८८ मध्ये आली. तिच्यातही शोभाताई गायल्या आहेत, आणि ठुमरीचा आवाज इलेक्ट्रिक बास व ड्रमच्या सोबतीने येऊनही मांडणी ओढूनताणून केल्यासारखी वाटत नाही, ही तिची खरी मिळकत. १९९३ च्या ‘क्रेझी सेंट्स’मध्ये जो झाविनुल आणि पॅट मेथेनी यांच्यासारखे जॅझमधील पहिल्या फळीचे वादक सहभागी झाले. याच दशकापासून ‘डाउनबीट’ या जुन्या अमेरिकन जॅझ मासिकाच्या समीक्षकांच्या कौलात तालवाद्यांच्या विभागात गुर्टू यांचे नाव अनेकदा पहिले आले. १९९९ च्या सुमारास बिल लासवेल आणि झाकिर हुसेन यांच्या ‘तबला बीट सायन्स’ या उपक्रमातही ते होते. नंतरच्या ध्वनिमुद्रिकांत आफ्रिकेतील गायिका, तुवा प्रांतातील कंठगायक, इटलीतील तंतुवाद्यांची चौकडी, ब्लूज गिटारवादक गॅरी मूर असे पाहुणे येत गेले. या यादीचे कौतुक पुष्कळ झाले आहे, परंतु तिथले सगळेच काम सारख्या तोलाचे नाही. जिथे पाहुणे फार आणि गाणी आखूड, तिथे गुर्टू यांचे वादन कुशल पार्श्वभूमी होऊन राहते. जिथे दोन-तीनच वादक आहेत आणि आवर्तनाला वेळ आहे, तिथे ते खुलते. तबल्याची तालीम झालेल्या कलावंताला विस्तारासाठी अवकाश लागतो, आणि ध्वनिमुद्रिकेच्या बाजारपेठेला तो देणे परवडत नाही.

शोभा गुर्टू यांना २००२ मध्ये पद्मभूषण मिळाले आणि २७ सप्टेंबर २००४ रोजी त्यांचे मुंबईत निधन झाले. त्रिलोक यांचे वास्तव्य जर्मनीतील हॅम्बुर्ग येथे आहे. २०१३ च्या ‘स्पेलबाउंड’मध्ये त्यांनी लुई आर्मस्ट्राँग, डिझी गिलेस्पी, माइल्स डेव्हिस आणि डॉन चेरी या ट्रंपेटवादकांना मानवंदना दिली, पाओलो फ्रेसू, नील्स पेटर मोल्व्हेर, इब्राहिम मालूफ यांसारखे निरनिराळ्या देशांचे ट्रंपेटवादक त्यात आहेत. ड्रमवादकाने ट्रंपेटला वाहिलेली ही ध्वनिमुद्रिका गोव्यात अधिक ऐकली जायला हवी होती, कारण आर्मस्ट्राँगच्या धाटणीने वाजवून भारतात नाव कमावलेले चिक चॉकलेट हळदोणेचेच, आणि हळदोणे डिचोलीपासून फार दूर नाही.

त्यानंतर २०१९ मध्ये आलेल्या ध्वनिमुद्रिकेला गुर्टू यांनी ‘गॉड इज अ ड्रमर’, म्हणजे देव हा तालवादक आहे, असे नाव दिले. युरोपातील श्रोत्याला ते धाडसाचे वाटले असल्यास नवल नाही. नार्वेच्या सप्तकोटेश्वरापुढे हात जोडणाऱ्या डिचोलीकराला मात्र हातात डमरू घेतलेला देव सवयीचा आहे, आणि त्याची चौकशी बहुधा एवढीच असेल की ठेका कोणता.